वेस्ट पॉइंटचं सेवापुस्तक: मुंबई, नगर, सिंगापूर

शनिवार, बॅलार्ड इस्टेट

उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली की माणूस कुणाचंही चरित्र सेवापुस्तकासारखं वाचायला लागतो. रुजू कधी झाला, बदली कुठे, नाव बदललं का, निवृत्ती कशी. ‘यूएसएस वेस्ट पॉइंट’ या अमेरिकी नौदलाच्या सैन्यवाहू जहाजाच्या नोंदी मी अशाच चाळत होतो आणि एका ओळीशी थांबलो: २७ डिसेंबर १९४१, मुंबई. त्या दिवशी तिथे लागलेल्या ताफ्यातून उतरलेले इंग्रज सैनिक पुढे कुठे गेले बघावं, तर नगरला! नगर म्हणजे माझं आजोळ. महिन्याभरात ते परत मुंबईला आले, परत बोटीत चढले आणि सिंगापूरला गेले. सिंगापुरात माझा धाकटा मावसभाऊ आहे. म्हणजे वाट आयतीच आखलेली होती, फक्त रजेचा अर्ज करायची गरज उरली नव्हती.

आधी जहाजाची ओळख. मूळ नाव ‘अमेरिका’. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत बांधलेलं, विल्यम फ्रान्सिस गिब्ज यांनी आखलेलं, साधारण २२० मीटर लांबीचं आलिशान प्रवासी जहाज. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते ते पाण्यात सोडलं ३१ ऑगस्ट १९३९ रोजी. दुसऱ्या दिवशी पहाटे हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. इतक्या वाईट मुहूर्तावर जन्मलेलं जहाज शोधून सापडायचं नाही. अटलांटिक ओलांडून युरोपला जायचं म्हणून बांधलेलं, पण तिकडे लढाई. मग वेस्ट इंडीजकडे सहली काढायच्या, आणि दोन्ही अंगांवर भलेमोठे अमेरिकी झेंडे रंगवून ‘आम्ही तटस्थ आहोत हो’ असं पाणबुड्यांना सांगत फिरायचं.

१५ जून १९४१ ला ते नौदलात रुजू झालं. नाव वेस्ट पॉइंट, क्रमांक एपी-२३. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत जर्मन हेरांची मोठी टोळी पकडली गेली. एकूण ३३ जणांना शिक्षा झाल्या, आणि त्यातले दोघे याच जहाजाच्या भटारखान्यातले निघाले. पहिलं मोठं काम मिळालं तेही मजेशीर. अमेरिकेने जर्मन आणि इटालियन वकिलातींची कार्यालयं बंद करायला लावली होती, त्या लोकांना बायकापोरांसकट लिस्बनला सोडून यायचं. गेल्या महिन्यात ज्यांचे हेर बोटीवर पाव भाजत होते, त्यांचेच अधिकारी आता तिकीट न काढता चालले.

दुपारभर बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्यांतून फिरलो. हा सगळा भाग अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीदगडांच्या भरावावर उभा आहे, जॉर्ज विटेटने आखलेला. अलेक्झांड्रा डॉकचं आजचं नाव इंदिरा डॉक. ग्रीन गेटपाशी पहाऱ्यावरच्या जवानाला मी कारण सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, जहाज आता लागलंय का आत?” नाही म्हटल्यावर पुढे काही बोलण्यासारखं राहिलं नाही. पासाशिवाय आत सोडत नाहीत, आणि सोडू नये हेही बरोबरच.

रविवार, भाऊचा धक्का

गोदी आतून दिसत नसेल तर समुद्रावरून बघावी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. खालच्या मजल्यावर गाड्या, वर अलिबागला निघालेल्या कुटुंबांचा गलका, वडापावचा वास. बोट दक्षिणेला वळली की उजव्या हाताला इंदिरा डॉकची भिंत, क्रेनांची रांग, मग नौदलाची गोदी. डावीकडे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप.

इंदिरा डॉकमध्ये शिरायचं तर लॉकमधून जावं लागतं. भरती-ओहोटीची पातळी काहीही असो, आतलं पाणी कायम ठेवायची ती सोय. त्या लॉकची लांबी २२८.६ मीटर आणि रुंदी ३०.५. वेस्ट पॉइंट २२० मीटर लांब आणि साडेअठ्ठावीस मीटर रुंद. म्हणजे दोन्ही अंगांना जेमतेम मीटरभर जागा. असलं धूड त्यात घालायची वेळ आली असती तर मुंबईच्या पायलटला घाम फुटला असता.

आता त्यातल्या माणसांकडे येतो. ब्रिटिश सैन्याची १८वी डिव्हिजन, इंग्लंडच्या पूर्व भागातल्या नॉरफोक, सफोक, केंब्रिजशर अशा परगण्यांतली पोरं. डिव्हिजनचं बोधचिन्ह पवनचक्की. ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस ती ब्रिटिश जहाजांतून निघाली आणि कॅनडात हॅलिफॅक्सला उतरली. तिथे बघतात तर पुढच्या प्रवासाला सहा अमेरिकी सैन्यवाहू जहाजं उभी: वेकफिल्ड, माउंट व्हर्नन, वेस्ट पॉइंट, ओरिझाबा, लेनर्ड वुड आणि जोसेफ टी. डिकमन. अमेरिका तेव्हा लढाईत नव्हती! चर्चिलनी जहाजं मागितली, रूझवेल्टनी दिली, आणि एका तटस्थ देशाचं नौदल दुसऱ्या देशाची वीस हजारांच्या घरातली फौज लढाईवर घेऊन निघालं. १० नोव्हेंबरला ताफा सुटला, तर सोबतीला ‘रेंजर’ हे विमानवाहू जहाज आणि क्रूझर. इतकी तटस्थता मी आमच्या युनियनच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही.

टॉमींना, म्हणजे इंग्रज सैनिकांना, बोटीवरचं जेवण आवडलं म्हणे. रेशनच्या इंग्लंडमधून आलेल्यांना का नाही आवडणार. पण अमेरिकी नौदलात १९१४ पासून दारूबंदी. केप टाउनपर्यंत बिअरचा थेंब नाही.

ठरलेलं ठिकाण होतं मध्यपूर्व. सरावही वाळवंटी लढाईसाठीच ठरलेला. त्रिनिदाद करून ताफा केप टाउनजवळ पोचतो न पोचतो तोच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ९ डिसेंबरला जहाजं केप टाउनला लागली तेव्हा अमेरिका अधिकृतपणे लढाईत होती आणि जपानी फौजा मलायात उतरलेल्या होत्या. मग आदेश बदलले. माउंट व्हर्ननला वाटेतून मोंबासाकडे आणि तिथून थेट सिंगापूरला काढलं, त्यातली ५३वी ब्रिगेड १३ जानेवारीला तिथे उतरली. बाकीचे मुंबईला.

मांडव्याला उतरून चहा घेतला आणि त्याच बोटीने परतलो. बरोबरच्या एका गृहस्थांनी विचारलं, तिकडे काही काम होतं का. नाही, मुंबई बघायची होती, म्हटलं. त्यांनी विषय वाढवला नाही.

सोमवार, नगर

एसटीने माळशेज करून आळेफाट्यावरून नगर. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या चाळी, मग पारनेरच्या बाजूचा तो उघडाबोडका माळ. स्टँडवर, पाट्यांवर आता अहिल्यानगर. कंडक्टर मात्र “चला नगर, नगर” असंच ओरडत होता.

मामा नव्वदीच्या पुढे आहेत. ऐकायला कमी येतं, आठवतं बाकी स्वच्छ. मी म्हटलं, मामा, बेचाळीस साली जानेवारीत इथे गोऱ्यांची मोठी फौज येऊन राहिली होती, काही ऐकलंय का? ते हसलेच. “अरे, नगरात गोऱ्यांचं कसलं अप्रूप? भिंगारला कायम गोरेच. एक पलटण गेली की दुसरी. आम्ही काय हजेरी घ्यायचो का त्यांची?”

मामांचं बरोबर आहे. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला तेव्हापासून हे छावणीचं गाव. पहिल्या महायुद्धात जर्मन कैदी आणि नागरिक इथेच डांबलेले. त्या मालिकेत तीन आठवडे मुक्काम करून गेलेली एक डिव्हिजन कुणाच्या लक्षात राहणार? गावाच्या लेखी तीही एक पलटणच.

पण त्या पोरांच्या बाजूने पाहा. दोन महिने बोटीत आंबून निघालेले पाय मोकळे करायला त्यांना मिळालं काय, तर जानेवारीतलं नगर. पहाटे कडाक्याची थंडी, दुपारी ऊन, सगळीकडे कुसळी गवत, बाभळी आणि लांबवर दिसणारा चांदबिबीचा महाल. इथे त्यांनी कूच केलं, नेम मारले, अंगात आलेला मेद उतरवला. आणि जायचं कुठे होतं? रबराच्या मळ्यांत आणि खारफुटीच्या चिखलात, जिथे दहा हातांपलीकडचं दिसत नाही. नगरच्या माळावर मलायाच्या जंगलाची तयारी! वरिष्ठ कार्यालयाने असले आदेश काढले की खालच्यांनी ‘अंमलबजावणी केली’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं असतं, ते तेव्हाही तसंच होतं.

मंगळवार, नगर

सकाळी रणगाडा संग्रहालय. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय नगरकर पाहुण्यांना दाखवतात आणि स्वतः शाळेच्या सहलीनंतर जात नाहीत. चर्चिल, व्हॅलेंटाइन, आपला विजयंता, पाकिस्तानचे पाडाव केलेले पॅटन. मी शोधत होतो तो जपानी ‘हा-गो’, टाइप ९५.

सापडला. बघून खरं तर हसू येतं. शेजारच्या धुडांपुढे तो पोरसवदा दिसतो. वजन साडेसात टनांच्या आतबाहेर, तोफ ३७ मिलिमीटरची, आत तीन माणसं. चिलखत बारा मिलिमीटर, म्हणजे माझ्या करंगळीपेक्षा पातळ. रिव्हेटचे डोके एका ओळीत उठून दिसतात, रंगाचे थर बसून बसून गुळगुळीत झालेले. युरोपातल्या रणांगणावर हा तासभर टिकला नसता. पण मलायात ब्रिटिशांकडे रणगाडे जवळजवळ नव्हतेच. रबराच्या मळ्यांतल्या चांगल्या डांबरी रस्त्यांवरून हे छोटे गाडे सरळ चालत आले, आणि रणगाडा कधी न पाहिलेल्या आपल्या पंजाबी-गढवाली पलटणींच्या अंगावर आले. आज तो नगरच्या उन्हात उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बापमाणूस पोराचा फोटो काढत होता. “हात लावू नको रे, तापलंय.”

संध्याकाळी किल्ला. लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत गेलो. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, आझाद, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी काँग्रेस कार्यकारिणीला इथे आणून ठेवलं, त्या खोल्या जपलेल्या आहेत. जानेवारीत भिंगारला कवायती करणारे सैनिक ऑगस्टमध्ये सिंगापुरातल्या चांगीला जपान्यांच्या कैदेत होते, आणि नगरला कैदेत होते ते इथले पुढारी. आठ महिन्यांत केवढी उलथापालथ. खंदकापाशी घुबड ओरडायला लागलं तसा पहारेकरी म्हणाला, “चला, टाइम झाला.”

बुधवार, विमानात

लिहिण्यासारखं काही नाही. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास. वेस्ट पॉइंट जानेवारी १९४२ मध्ये मुंबईहून निघालं, बरोबर वेकफिल्ड, डचेस ऑफ बेडफोर्ड, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्पायर स्टार. ‘जपानची सम्राज्ञी’ नावाच्या बोटीतून जपान्यांशी लढायला जायचं, हे नाव बदलायला ब्रिटिशांना सुचलं ते त्या वर्षाच्या उत्तरार्धात. २९ तारखेला सगळी सिंगापूरच्या केपेल बंदरात पोचली.

गुरुवार, केपेल

मावसभाऊ कामावर गेला, वहिनींनी पोहे आणि एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड हातात ठेवलं. “भाऊजी, पाऊस येणारच, छत्री घ्या.” हार्बरफ्रंटला उतरून माउंट फेबरच्या टेकडीवर चढलो. वरून केपेल बंदर सबंध दिसतं: खाली खाडीसारखा अरुंद जलमार्ग, पलीकडे सेंटोसा, डोक्यावरून केबल कार, एका बाजूला अजून कंटेनर चढवणाऱ्या क्रेन आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींचे फ्लॅट.

याच पाण्यात ३० जानेवारीच्या सकाळी वेस्ट पॉइंट आणि वेकफिल्ड धक्क्याला होती. जपानी फौजा तोवर मलायाच्या दक्षिणेला, जोहोरच्या टोकाशी आलेल्या. दुसऱ्याच दिवशी, ३१ तारखेला, शेवटची माघारी तुकडी कॉजवे, म्हणजे मलायाला जोडणारा बांधरस्ता, ओलांडून बेटावर आली आणि ब्रिटिशांनी त्याला सुरुंग लावला. म्हणजे जहाजातून मदत उतरत होती एका बाजूने आणि अख्खी मलायातली फौज माघार घेत येत होती दुसऱ्या बाजूने. बेटाचं दार लावायची वेळ झाली असताना पाहुणे आत घेतले.

त्या सकाळी जपानी बॉम्बफेकी विमानं आली. एक बॉम्ब वेकफिल्डवर पडला तो नेमका दवाखान्याच्या भागात, पाचजण गेले. वेस्ट पॉइंटच्या आजूबाजूला बॉम्ब पडले, डेकवर तुकड्यांचा सडा झाला, पण जहाज बचावलं. त्याचे डॉक्टर आणि मदतनीस तसेच वेकफिल्डवर धावले. वेकफिल्ड अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या खलाशांनी चालवलेलं होतं. त्यांनी जहाज तसंच जखमी अवस्थेत बाहेर काढलं आणि पुढे मुंबईत येऊन तात्पुरती डागडुजी करून घेतली.

उतरवायचं ते उतरवून संध्याकाळी वेस्ट पॉइंट निघालं तेव्हा त्यावर १,२७६ माणसं होती: नौदलाचे अधिकारी, त्यांची कुटुंबं, खलाशी, नागरिक. पिनांग सोडताना डिसेंबरात ब्रिटिशांनी फक्त गोऱ्यांना गुपचूप बाहेर काढलं होतं, त्यावरून बोंब झाली होती. सिंगापुरात उघड तसं म्हटलं नाही, पण धक्क्यापर्यंत पोचायला लागणारे कागद, पैसे आणि ओळख कुणाकडे होती हे सांगायला नको. इथल्या तमिळ आणि चिनी माणसांनी बेटावरच राहून पुढची साडेतीन वर्षं काढली.

मला या जहाजाबद्दल जे म्हणायचंय ते इथेच म्हणतो. जहाजाच्या नोंदवहीत २९ आणि ३० जानेवारी ही उत्तम कामगिरी आहे. सैनिक सुखरूप उतरवले, निर्वासित सुखरूप नेले, जहाज शाबूत. शेऱ्याच्या रकान्यात ‘अत्युत्तम’च लिहावं लागेल, मीही तेच लिहिलं असतं. सैन्यवाहू जहाजाला विचारत नाहीत की तू ज्यांना पोचवलंस त्यांचं पुढे काय झालं. आणि विचारूही नये. जहाजाचे कॅप्टन केली काय करणार होते, आदेश धुडकावून परत फिरणार? पण त्यामुळेच नुसतं जहाजाचं सेवापुस्तक वाचून लढाई कळत नाही. त्यासाठी धक्क्यावरून उतरून त्या माणसांमागे बेटावर जावं लागतं.

पाऊस आलाच. छत्री होती.

शुक्रवार, ॲडम पार्क आणि फोर्ड कारखाना

मावसभावाने अर्धी रजा टाकली. बोटॅनिक गार्डनच्या जवळ ॲडम रोडच्या फूड सेंटरमध्ये नासी लेमाक खाल्ला (मिरची जपून, आपली नव्हे ती) आणि चालत ॲडम पार्कमध्ये शिरलो. उंच झाडांतून वळत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या-पांढऱ्या रंगाचे वसाहतकालीन बंगले. अतिशय निवांत, अतिशय श्रीमंत.

१२ ते १५ फेब्रुवारी १९४२ या दिवसांत केंब्रिजशर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने या बंगल्यांत मोर्चे धरले. दिवाणखान्यांतून मशिनगन, बागांतून हातघाई. चारही दिवस त्यांनी जागा सोडली नाही. सोडली ती शरणागतीचा हुकूम आल्यावर. नगरहून निघून महिना व्हायचा होता. १८व्या डिव्हिजनवर ‘आली आणि कैद झाली’ असा शिक्का बसलेला आहे. या वसाहतीतून चालल्यावर तो शिक्का मला तरी मारवणार नाही.

मावसभाऊ म्हणाला, “दादा, मी बारा वर्षं इथून ऑफिसला जातो. मला वाटायचं राजदूतांची घरं आहेत.”

तिथून बसने अप्पर बुकित तिमाह रोडवरचा जुना फोर्ड कारखाना. ऑक्टोबर १९४१ मध्ये सुरू झालेला, आग्नेय आशियातला फोर्डचा पहिला गाड्या जोडायचा कारखाना, दर्शनी भाग तेव्हाच्या नव्या पद्धतीचा. १५ फेब्रुवारी १९४२, चिनी नववर्षाचा दिवस, संध्याकाळी ब्रिटिश सेनापती लेफ्टनंट जनरल पर्सिव्हल इथे जपानी सेनापती यामाशितासमोर बसले आणि शरणागतीवर सही केली. आता संग्रहालय आहे. ती खोली अगदीच साधी, ऑफिसातली बैठकीची खोली असावी तशी. मला जास्त वेळ धरून ठेवलं ते जपानी ताब्याच्या काळातल्या वस्तूंनी: शिधापत्रिका, केळीच्या चित्राच्या जपानी नोटा. त्या नोटांना लोक ‘केळीच्या नोटा’च म्हणायचे आणि शेवटी त्यांची किंमतही तेवढीच उरली.

सुमारे ८० हजार सैनिक बेटावर कैद झाले. त्यात निम्म्याच्या वर हिंदी होते. त्यांना दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर वेगळं गोळा केलं आणि तिथून आझाद हिंद सेनेची कथा सुरू होते. ती मोठी कथा आहे, तिला अर्ध्या दिवसाच्या रजेत बसवणं बरोबर नाही.

वेस्ट पॉइंटच्या पाठोपाठ मुंबईहून सुटलेल्या पुढच्या ताफ्यात ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ होतं. ५ फेब्रुवारीला सिंगापूरच्या तोंडाशी, सुलतान शोल दीपगृहाजवळ जपानी विमानांनी ते पेटवलं. आतली बहुतेक माणसं वाचवली, पण त्यांची शस्त्रं आणि सामान बुडालं. म्हणजे एका आठवड्याचा फरक. वेस्ट पॉइंटच्या नशिबात ते नव्हतं एवढंच.

शनिवार, क्रांजी

उत्तरेला, कॉजवेच्या बाजूला क्रांजीचं युद्धस्मारक. एमआरटीतून उतरून चालत गेलो. हिरवळीचा चढ, त्यावर थडग्यांच्या शिळा, साडेचार हजारांच्या आसपास. वर विमानाच्या पंखासारखं छप्पर आणि खाली भिंतीच भिंती. ज्यांना थडगंच मिळालं नाही अशा २४ हजारांवर लोकांची नावं त्या भिंतींवर कोरलेली आहेत.

शिळांवर रेजिमेंटची चिन्हं असतात. बसलेली ब्रिटानिया दिसली की नॉरफोक, जिब्राल्टरचा किल्ला दिसला की सफोक. एकदा ओळखू यायला लागलं की नजर तेच शोधत राहते. एकेका ओळीत ब्रिटानिया, ब्रिटानिया, किल्ला, ब्रिटानिया. वयं २१, २४, ३०. तारखांकडे बघितलं तर फेब्रुवारी १९४२ च्या आहेतच, पण १९४३ च्याही पुष्कळ. कारण लढाईत मेले त्याहून कितीतरी जास्त कैदेत मेले: सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर, पटकीने, हगवणीने, उपासमारीने. सयामात मेलेल्यांची थडगी तिकडे कांचनाबुरीला. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल बेकविथ-स्मिथ हेही नोव्हेंबर १९४२ मध्ये तैवानात कैदेतच घटसर्पाने गेले.

हिंदी नावांचे स्तंभ वेगळे आहेत. पंजाब रेजिमेंट, जाट, गढवाल, डोग्रा, गुरखे. ज्यांचं दहन झालं अशा जवळपास ८०० जणांसाठी निराळं स्मारक, त्यात बहुतेक आपलेच. तिथे कुणीतरी झेंडूची माळ ठेवली होती, ताजी, लिटल इंडियातली असणार.

माळी काका मिशा कापल्यासारखं काटेकोर गवत कापत होते. तमिळ होते. मी कुणाला शोधतोय का, असं त्यांनी विचारलं. कुणालाच नाही म्हटल्यावर त्यांनी मला सावलीतला बाक दाखवला आणि पुन्हा कामाला लागले.

रविवार, चांगी

विमान संध्याकाळचं, म्हणून सामान घेऊनच निघालो. चांगीचं चॅपेल आणि संग्रहालय २०२१ मध्ये नव्याने मांडलंय, आटोपशीर आहे, दीड तास पुरतो. कैद्यांनी लपूनछपून लिहिलेल्या डायऱ्या, हाताने बनवलेल्या चपला. विमानतळ इतका जवळ आहे की माणूस कैद्यांच्या वस्तू बघून सरळ ड्यूटी फ्री दुकानात पोचतो. मला ते जरा जडच गेलं.

जहाजाचं पुढचं सांगायचं राहिलं. सिंगापूर सोडल्यावर त्याने सुएझहून ऑस्ट्रेलियाचे सैनिक मायदेशी नेले आणि मग लढाई संपेपर्यंत अटलांटिक, पॅसिफिक, हिंदी महासागर असं फिरत राहिलं. शांततेच्या काळात १,२०२ प्रवाशांसाठी बांधलेलं जहाज, १९४४ मधल्या एका फेरीत त्याच्यावर ९,३०५ माणसं होती. नौदलाच्या सेवेत एकूण साडेतीन लाखांवर. वेग चांगला असल्यामुळे पुष्कळदा सोबतीशिवाय एकटंच जायचं. २८ फेब्रुवारी १९४६ ला नौदलातून मुक्त झालं.

जोडीदार वेकफिल्डच्या वाट्याला मात्र आणखी एक घाव होता. सप्टेंबर १९४२ मध्ये अटलांटिकमध्ये भर समुद्रात आग लागून ते आतून जळालं, नव्याने बांधून १९४४ मध्ये परत कामाला लागलं, आणि लढाईनंतर प्रवासी म्हणून कधीच चाललं नाही.

वेस्ट पॉइंट परत ‘अमेरिका’ झालं. १९६४ मध्ये ग्रीक कंपनीने घेऊन ‘ऑस्ट्रेलिस’ केलं आणि युरोपातून ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं वर्षानुवर्षं नेली. पुढे इटालिस, नोगा, अल्फेर्दोस; माझ्या कारकिर्दीत इतक्या वेळा नाव बदललेला कर्मचारी आला असता तर मी राजपत्राच्या प्रती मागितल्या असत्या. शेवटचं नाव ‘अमेरिकन स्टार’. फुकेतला नेऊन तरंगतं हॉटेल करायचं ठरलं. १९९३ च्या शेवटी ग्रीसहून ओढत निघाले, वादळात दोर तुटले, आणि १८ जानेवारी १९९४ ला ते कॅनरी बेटांतल्या फुएर्तेव्हेंतुराच्या किनाऱ्यावर चढलं. दोन दिवसांत मधोमध मोडलं. मागचा भाग आधी गेला. पुढचा भाग २००७ पर्यंत उभा होता, मग तोही आडवा झाला.

विमानतळावर सोडायला आलेल्या मावसभावाने हिशोब मांडला. “फुकेत इथून विमानाने दोन तासांच्या आत, दादा. पोचलं असतं तर आपण त्याच्यात जाऊन राहिलो असतो.” वहिनी म्हणाल्या, एका रात्रीचं भाडं किती लावलं असतं त्यांनी कोण जाणे. मी त्यांना फुएर्तेव्हेंतुराबद्दल सांगितलं, की ओहोटीला अजून थोडं लोखंड दिसतं म्हणतात. “त्याला व्हिसा शेंगेनचा,” मावसभाऊ म्हणाला, “आणि तो तू सप्टेंबरच्या आत टाक, नंतर तारखा मिळत नाहीत.”